फॉकनर वाचायचाय? मग इथून सुरुवात करा

विल्यम फॉकनर हा माझा सगळ्यात आवडता कादंबरीकार, आणि तो अवघड आहे हे मी कुणापासून लपवत नाही. अवघड म्हणजे खरंच अवघड. पहिल्या पानावर कोण बोलतंय तेच कळत नाही, दुसऱ्या पानावर काळ कुठला चाललाय ते कळत नाही, आणि जरा सूर लागतोय म्हणेपर्यंत एकाच नावाची दोन माणसं निघतात. भलेभले वाचणारे लोक पंचवीस-तीस पानांत पुस्तक मिटून ठेवतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण अजून थोडं थांबले असते तर त्यांना जे मिळालं असतं ते दुसऱ्या कुठल्याच लेखकाकडे मिळत नाही. म्हणून जे लोक नवीन आहेत, ज्यांनी नाव ऐकलंय पण हिंमत होत नाहीये, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

१९५६ साली एका मुलाखतीत त्याला विचारलं होतं की तुमचं लिखाण दोन-तीनदा वाचूनही लोकांना कळत नाही, त्यांनी काय करावं, तर तो म्हणाला चौथ्यांदा वाचा. लोक हे त्याचा तिरसटपणा म्हणून सांगतात पण मला तो सरळसरळ सल्ला वाटतो. त्याची पुस्तकं पहिल्या वाचनात अर्धीच उघडतात, तशीच ती रचलेली आहेत, त्यामुळे पहिल्यांदा सगळं कळलंच पाहिजे हा हट्ट आधी सोडायचा.

पायरी १ : आधी गाव आणि काळ समजून घ्या

फॉकनर १८९७ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यात जन्मला आणि आयुष्यातला बहुतेक काळ तिथल्याच ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात राहिला (इंग्लंडातलं ऑक्सफर्ड नव्हे). याच परिसरावरून त्याने यॉकनापटॉफा नावाची एक काल्पनिक काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) उभी केली, तिचं मुख्य गाव जेफरसन. १९३६ च्या ‘अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!’ला त्याने स्वतः काढलेला नकाशा जोडलाय, त्यात क्षेत्रफळ २,४०० चौरस मैल, गोरे ६,२९८, काळे ९,३१३, अशी खानेसुमारीसुद्धा आहे आणि खाली लिहिलंय की या सगळ्याचा एकमेव मालक विल्यम फॉकनर. आकड्यांकडे नीट बघा, काळ्या माणसांची संख्या जास्त आहे. आणि जमीन, बँक, कोर्ट सगळं गोऱ्यांच्या हातात. त्याच्या पुस्तकांमधला सगळा ताण इथून येतो.

वाचण्याआधी इतिहासाचं एवढं डोक्यात असलं तरी पुरे : १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, गुलामगिरी टिकवायला लढलेली दक्षिणेकडची राज्यं हरली, गुलामगिरी कायद्याने संपली पण काही वर्षांतच वेगळ्या नियमांनी काळ्या लोकांना पुन्हा दाबून टाकलं गेलं. हरलेली गोरी घराणी आपल्या जुन्या रुबाबाच्या गोष्टी सांगत बसली आणि ज्या पापावर तो रुबाब उभा होता ते मात्र कुणी बोलायचं नाही. फॉकनर याच घरांमधला, आणि तो तेच बोलत राहिला.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या पुस्तकांत काळ्या लोकांसाठी अतिशय घाण शब्द पानोपानी येतात, पात्रांच्या तोंडी येतात, आणि वाचताना त्रास होतो, तो व्हायलाच पाहिजे. शिवाय फॉकनर माणूस म्हणून लेखक फॉकनरएवढा पुढे गेला नाही. १९५६ मध्ये त्याने वर्णभेद संपवणाऱ्यांना जरा सबुरीने घ्या म्हणून जाहीर लिहिलं आणि जेम्स बाल्डविन या काळ्या अमेरिकन लेखकाने त्याला त्याच वर्षी सणसणीत उत्तर दिलं. बाल्डविनचा तो निबंध छोटा आहे, नक्की वाचा. मला फॉकनर प्रचंड आवडतो आणि तरी या बाबतीत बाल्डविनचंच बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे.

पायरी २ : कथांनी हात बसवा

डायरेक्ट कादंबरीत उडी नको. ‘अ रोझ फॉर एमिली’ (१९३०) ही कथा एका बैठकीत होते, तिथून सुरू करा. यात निवेदक ‘आम्ही’ आहे, म्हणजे अख्खं गाव बोलतंय, आणि गाव जसं बोलतं तशीच गोष्ट पुढेमागे होते. एमिलीबाईंची अंत्ययात्रा आधी, मग कराचं भांडण, मग घरातून येणारा वास, मग विषाची खरेदी. आता एक कागद घ्या आणि या घटना प्रत्यक्षात कुठल्या क्रमाने घडल्या असतील ते लिहून काढा. वास आधी सांगितलाय आणि विष नंतर, पण घडलं काय असेल? हा क्रम लावताना तुमच्या लक्षात येईल की गावाला बरंच काही दिसत होतं आणि गावाने ते बघायचं नाही असं ठरवलं होतं. सरळ क्रमाने सांगितली असती तर ही गोष्ट नुसती भयकथा झाली असती. वाक्यं सोपी आहेत, अवघड आहे तो फक्त काळ, म्हणून सरावाला ही कथा उत्तम.

मग ‘बार्न बर्निंग’ वाचा, आणि त्यानंतर ‘दॅट ईव्हनिंग सन’. ही दुसरी मुद्दाम सांगतोय कारण तिच्यात कॉम्प्सन कुटुंबातली मुलं भेटतात, क्वेंटिन, कॅडी आणि जेसन. नॅन्सी नावाची काळी बाई जिवाच्या भीतीने अर्धमेली झालीये आणि ही मुलं तिच्याभोवती आपापली भांडणं करतायत, त्यांना काही कळत नाहीये. हीच मुलं पुढे मोठ्या कादंबरीत येणार आहेत, त्यांची आधीच ओळख झालेली बरी.

पायरी ३ : ‘अ‍ॅज आय ले डाइंग’

पहिली कादंबरी हीच घ्या, १९३० ची. ५९ छोटी प्रकरणं, १५ निवेदक, आणि प्रत्येक प्रकरणावर बोलणाऱ्याचं नाव स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे निदान कोण बोलतंय हा घोळ नाही. गोष्ट एका ओळीची : अ‍ॅडी बंड्रेन मरते आणि तिच्या इच्छेप्रमाणे नवरा आणि मुलं तिची शवपेटी गाडीत घालून तिच्या माहेरच्या माणसांजवळ पुरायला जेफरसनला निघतात. मध्ये नदीला पूर, पूल वाहून गेलेला, वर घिरट्या घालणारी गिधाडं.

यात बघायचं काय, तर प्रत्येक माणसाचं दुःख वेगळ्या आकारात बाहेर पडतं. थोरला कॅश सुतार आहे, आई खिडकीतून बघत असताना तो तिची पेटी बनवतो, आणि त्याचं पहिलं प्रकरण म्हणजे पेटीच्या कडा तिरक्या का कापल्या याची तेरा कारणं, नंबर घालून लिहिलेली. बस्स. रडणं नाही, आई हा शब्द नाही. आणि धाकटा वार्डमन, त्याने त्याच दिवशी मोठा मासा पकडून कापलाय आणि तेवढ्यात आई गेली, त्या लहान डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र होतात आणि त्याच्या एका प्रकरणात एकच वाक्य आहे की माझी आई मासा आहे. पहिल्यांदा वाचणारे इथे गोंधळतात किंवा हसतात. पण हाच मुलगा नंतर आईला श्वास घेता यावा म्हणून पेटीच्या झाकणाला भोकं पाडतो, तिथे पोचलात की मागचं ते वाक्य पुन्हा उघडून बघा.

डार्लवर लक्ष ठेवा. आई मरते तो प्रसंग डार्लच्या प्रकरणात येतो, पण डार्ल तेव्हा घरात नाहीये, तो आणि ज्युएल तीन डॉलरसाठी लाकडं वाहायला गेलेत. मग त्याला कसं माहीत? फॉकनर याचं उत्तर देत नाही. पेन्सिलने समासात प्रश्नचिन्ह काढा आणि पुढे जा.

आणि हो, समासात मराठीतच लिहा. पुस्तक इंग्रजी आहे म्हणून टिपणंही इंग्रजीत काढायची गरज नाही. ‘हा खोटं बोलतोय’, ‘आईचा लाडका कोण?’, ‘इथे पुन्हा वास’, असं काहीबाही लिहिलं तरी चालतं. आपल्या भाषेत लिहिलं की आपल्याला नक्की किती कळलंय ते लगेच उघडं पडतं.

पायरी ४ : ‘द साउंड अँड द फ्युरी’

आता मेन पुस्तक. १९२९ साली आलं, आणि माझ्या मते त्याचं सर्वात सुंदर पुस्तक हेच. अमेरिकेत १ जानेवारी २०२५ पासून ते कॉपीराइटमधून मोकळं झालंय त्यामुळे फुकटची ई-बुकं सापडतील, पण एक काळजी घ्या, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये तिरपी अक्षरं उडून जातात आणि या पुस्तकात तिरपी अक्षरं गेली तर अर्धा रस्ता गेला. जमलं तर व्हिन्टेज प्रकाशनाची, नोएल पोक या अभ्यासकाने दुरुस्त केलेली आवृत्ती घ्या.

चार भाग आहेत. प्रत्येकावर तारीख आहे, ती तारीख आधी एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा : ७ एप्रिल १९२८ बेंजी, २ जून १९१० क्वेंटिन, ६ एप्रिल १९२८ जेसन, ८ एप्रिल १९२८ हा शेवटचा भाग, त्यात कुणी ‘मी’ नाही पण केंद्रस्थानी डिल्सी आहे, घर सांभाळणारी काळी मोलकरीण. ईस्टरचा वीकएंड आहे तो, गुड फ्रायडे ते रविवार, फक्त क्रम विस्कटलेला आणि मध्ये अठरा वर्षांपूर्वीचा एक दिवस घुसलेला. तीन भाऊ आणि एक बहीण, कॅडी. गंमत म्हणजे तिन्ही भावांना स्वतःचा भाग मिळालाय आणि जिच्याभोवती सगळं फिरतं त्या कॅडीला मिळालेला नाही. ती सतत दुसऱ्याच्या आठवणीतून दिसते.

नावांची चिठ्ठी पण करा. क्वेंटिन दोन : एक भाऊ, आणि एक कॅडीची मुलगी जिला मामाचंच नाव दिलंय. जेसन दोन, बाप आणि मुलगा. मॉरी दोन : आईचा भाऊ मॉरी, आणि बेंजीचं मूळ नावही मॉरीच होतं, पोरगा मतिमंद आहे हे कळल्यावर आईने भावाचं नाव त्याच्यावरून काढून घेतलं. ही एक बारीकशी माहिती त्या आईबद्दल सगळं सांगते.

बहुतेक लोक ज्या पहिल्या भागात गळतात तो बेंजीचा. बेंजी त्या दिवशी तेहतीस वर्षांचा झालाय, त्याला बोलता येत नाही, आणि काल आणि आज हा फरक त्याच्याकडे नाहीच. त्याला एखादी गोष्ट आठवत नाही, तो सरळ तिथे असतो. पहिल्याच पानांवर बघा : कुंपणापलीकडे माणसं काहीतरी मारतायत, झेंडा काढतायत, पुन्हा लावतायत. हे गोल्फ आहे. बेंजीला गोल्फ हा शब्द माहीत नाही म्हणून आपल्यालाही मिळत नाही. खेळणारे आपल्या काठ्या वाहणाऱ्या पोऱ्याला ‘कॅडी’ अशी हाक मारतात (गोल्फमध्ये त्याला तेच म्हणतात) आणि बेंजी विव्हळायला लागतो. का ते कुणी सांगत नाही. ते कुरण एकेकाळी त्याचंच होतं, कॅडीचं लग्न आणि क्वेंटिनचं हार्वर्डचं शिक्षण यासाठी विकलं गेलं, आणि आता त्याच जागेवरून दिवसभर त्याच्या बहिणीचं नाव ऐकू येतं आणि बहीण येत नाही. हे सगळं पहिल्या पानावर आहे! पण ते तुम्हाला दिसतं दुसऱ्या वाचनात.

मग ते दोघं, बेंजी आणि त्याला सांभाळणारा लस्टर, कुंपणातून पलीकडे जायला लागतात आणि बेंजी खिळ्याला अडकतो. लस्टर वैतागतो की दर वेळी इथेच कसा अडकतोस. आणि पुढचं वाक्य तिरप्या अक्षरात : कॅडी त्याला सोडवते. आपण कितीतरी वर्षं मागे आलो, नाताळ जवळ आलाय, कडाक्याची थंडी आहे, कॅडी लहान आहे आणि मॉरीमामाची चिठ्ठी शेजारच्या बाईला पोचवायला दोघं चाललीत. काळ बदलला तो एका खिळ्यावर. जागा तीच, अंगाला जाणवणारं तेच, म्हणून बेंजी तिथे पोचला. एकदा ही किल्ली हातात आली की पुढचे सगळे सांधे सापडतात, कुठे वास, कुठे आवाज, कुठे थंडी, कुठे दार. तिरपी अक्षरं म्हणजे काळ बदलला, पण सगळीकडे तसं नाही, काही ठिकाणी न सांगताच बदलतो.

अजून एक फार उपयोगी युक्ती आहे, बेंजीला सांभाळायला सोबत कोण आहे ते बघायचं. व्हर्श असेल तर बेंजी लहान आहे, टी. पी. असेल तर मधली वर्षं, कॅडीच्या लग्नाच्या आसपासची, आणि लस्टर असेल तर १९२८. पानाच्या कडेला फक्त व, टी, ल अशी अक्षरं लिहीत जा. एवढ्यावर भाग उभा राहतो. फॉकनरला स्वतःला वेगवेगळे काळ वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापायचे होते, तेव्हा ते जमलं नाही, २०१२ मध्ये फोलिओ सोसायटी या प्रकाशन संस्थेने चौदा रंगांत तशी आवृत्ती काढली. पण मला विचाराल तर पहिल्यांदा काळ्या शाईतच वाचा, रंगांनी जे आयतं मिळतं ते स्वतः शोधण्यातच बेंजी कळतो.

क्वेंटिनचा भाग खरं तर बेंजीपेक्षा अवघड आहे, कारण याला सगळं कळतं. सकाळी तो आजोबांचं घड्याळ फोडतो, काटे उपटून टाकतो, आणि घड्याळ तरी टिकटिकत राहतं. दिवसभर तो शहरात फिरतो, दोन इस्त्र्या विकत घेतो, आणि त्या कशाला घेतल्या हे शब्दात कधीच येत नाही. आजच्या दिवसाच्या वाक्यांना नीट विरामचिन्हं आहेत, कॅडीची आठवण उसळली की ती गळतात. गळालेली विरामचिन्हं दिसली की वेग कमी न करता वाहत जा, तिथे थांबून अर्थ लावायला गेलात तर बुडालात.

जेसनचा भाग सोपा, दुष्ट, आणि भयंकर वेगवान. इथे मी एकच जागा दाखवतो. जेसनकडे तमाशाच्या तंबूची, म्हणजे फिरत्या खेळाची, दोन फुकट तिकिटं आहेत, लस्टरला खेळ बघायची प्रचंड इच्छा आहे, जेसन म्हणतो पाच सेंट दे. लस्टरकडे नाहीत. जेसन एक तिकीट चुलीत टाकतो, मग पुन्हा विचारतो, आणि मग दुसरंही टाकतो. हा शुक्रवार. आता पहिला भाग आठवा, तो शनिवार, आणि त्यात लस्टर दिवसभर गवतात, ओढ्यात हरवलेलं पाव डॉलरचं नाणं शोधत असतो आणि आपल्याला वाटत असतं हा काय किरकोळ प्रकार चाललाय. नाणं खेळासाठी आहे हे तिथेच सांगितलंय, पण आदल्या संध्याकाळी त्या पोराच्या डोळ्यांदेखत काय जळालं ते दोनशेच्या वर पानं उलटल्यावर कळतं. नीट वाचणाऱ्याला फॉकनर असं परत देतो, आणि अशा जागा पुस्तकभर आहेत.

चौथ्या भागाला मी काही टिपा देत नाही. डिल्सीसोबत चर्चपर्यंत जा.

एक महत्त्वाचं : बऱ्याच आवृत्त्यांमध्ये कॉम्प्सन घराण्याची एक पुरवणी जोडलेली असते, ती फॉकनरने १९४५ मध्ये म्हणजे सोळा वर्षांनी लिहिली. काही आवृत्त्यांत ती पुढेच छापलीये. ती आधी वाचू नका. लोक सोपं जाईल म्हणून वाचतात आणि सगळं शोधणं तिथेच संपतं, शिवाय तिच्यातले काही तपशील कादंबरीशी जुळतही नाहीत.

पायरी ५ : लांब वाक्यांचं काय करायचं

मोठ्याने वाचा. खरंच. फॉकनरची भाषा ओट्यावर बसून गोष्ट सांगणाऱ्या माणसांची आहे आणि धर्मोपदेशकांची आहे, डोळ्यांनी जिथे अडकायला होतं तिथे कान पुढे जातो. बोलीभाषेतले ‘डिस’, ‘डॅट’, ‘एन’ हे पण मोठ्याने म्हटलं की आपोआप कळतात. व्हर्जिनिया विद्यापीठात तो १९५७-५८ मध्ये निवासी लेखक होता, तिथल्या वर्गांतल्या प्रश्नोत्तरांचं रेकॉर्डिंग विद्यापीठाने नेटवर फुकट ठेवलंय. त्याचा तो बारीक, भराभर बोलणारा दक्षिणी आवाज ऐका, मग पुस्तक त्या आवाजात वाचता येतं. त्याच विद्यापीठाचा ‘डिजिटल यॉकनापटॉफा’ नावाचा प्रकल्प आहे, त्यात पात्रं आणि घटना नकाशावर दाखवल्यात, पण तो पुस्तक वाचून झाल्यावर उघडा.

वाक्य फारच अंगावर आलं तर पेन्सिलने कर्ता आणि क्रियापद शोधा, बाकीचं तात्पुरतं बाजूला ठेवा. ‘अ‍ॅब्सलम’चं पहिलंच वाक्य घ्या. त्याचा सांगाडा एवढाच की दुपारी दोननंतरपासून जवळजवळ सूर्यास्तापर्यंत ते बसले होते. त्याच्यावर चढत जातं ते खोलीला ऑफिस म्हणणं कारण वडील म्हणायचे, आणि त्रेचाळीस उन्हाळे बंद ठेवलेल्या खिडक्या, उकाडा, अंधार, धूळ. सांगाडा सापडला की पुन्हा पहिल्यापासून सलग वाचा, आता ते सगळं त्या बसण्यावर साचत जातंय हे जाणवतं. आणि एका बैठकीला दहा-पंधरा पानं पुष्कळ झाली, वीकएंडला उडवून टाकण्याचा हा लेखक नाही.

पायरी ६ : पुढे काय

‘लाइट इन ऑगस्ट’ (१९३२) घ्या, त्यात गोष्ट बरीचशी सरळ चालते आणि जो ख्रिसमस हा आपलं रक्त कुठलं हे कधीच न कळलेला माणूस भेटतो. त्यानंतर ‘गो डाउन, मोझेस’ या पुस्तकातली ‘द बेअर’ ही दीर्घकथा.

‘अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!’ शेवटी ठेवा, त्याच्या सहाव्या प्रकरणात एक वाक्य तेराशेच्या आसपास शब्दांचं आहे यावरून अंदाज येईल. थॉमस सट्पेन नावाचा माणूस १८३३ मध्ये जेफरसनला येतो, जंगलातून इस्टेट उभी करतो आणि सगळं धुळीला मिळतं. काय झालं ते पहिल्याच प्रकरणात जवळजवळ पूर्ण सांगून टाकलंय. सट्पेनच्या मुलाने, हेन्रीने, आपल्या जिवलग मित्राला फाटकापाशी गोळी का घातली, एवढाच प्रश्न पुस्तकभर चालतो, आणि तो सोडवतायत कोण, तर हार्वर्डच्या थंड खोलीत बसलेला आपला तोच क्वेंटिन आणि त्याचा कॅनडाचा रूममेट श्रीव. म्हणून ‘साउंड’ आधी वाचायचं सांगितलं. कोण सांगतंय आणि त्याला हे कुणाकडून कळलं, या दोन गोष्टी प्रत्येक प्रकरणाच्या वर लिहून ठेवा, कारण यातली बरीच माहिती ऐकीव आहे आणि उरलेली या दोन पोरांनी कल्पनेने रचलेली आहे. पुस्तकाच्या शेवटी सनावळी आणि वंशावळ दिलीये, ती उघडायची घाई करू नका, पण चौथ्या प्रकरणानंतर अगदीच हरवल्यासारखं झालं तर वंशावळीवर एक नजर टाकून परत या.